वाटणीच्या वेळी कोण कुठे उभं होतं?

गेल्या अंकात गुन्हेगारांच्या कादंबऱ्यांवर दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज म्हणून गेलो, की काही विचारायचं असेल तर पत्र टाका. चार येतील असं वाटलं होतं, एकोणीस आली. त्यांतल्या तीन कविता होत्या, त्या संपादकांच्या टेबलावर ठेवल्या. दोघांनी माझ्या पेन्शनची चौकशी केली आहे. चालू आहे, धन्यवाद. उरलेल्यांतली सहा इथे घेतो. पत्रं मी थोडी छाटली आहेत. माझी उत्तरं संपादकांनी छाटली नसावीत अशी आशा.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी चौतीस वर्षं बँकेत रोकड मोजली, शेवटची अकरा वर्षं हेड कॅशियर म्हणून. सगळी नोकरी इंदुरात आणि आसपास. इंग्रजीत ज्यांना 'हार्डबॉइल्ड' म्हणतात, म्हणजे कडक उकडलेल्या अंड्यासारख्या, आत ओलसर काही न ठेवलेल्या, त्या कादंबऱ्या मी पन्नास वर्षं वाचतो आहे. (आमच्या घरात अंडं अजून येत नाही. पुस्तक येतं.)

प्रश्न : काका, तुम्ही सांगितलेली 'द हंटर' वाचली. दरोड्यानंतर साथीदार दगा देतो, बायकोच नवऱ्यावर गोळी झाडते, तो कसाबसा वाचतो आणि आपल्या हिश्शाचे पंचेचाळीस हजार डॉलर मागायला थेट गुन्हेगारांच्या संघटनेच्या दारात जातो. एवढा जीव धोक्यात घालतोय तर दोन-चार लाख मागावेत ना! हा 'माझे पंचेचाळीस हजार' हाच हट्ट धरून बसतो. मला तो मूर्ख वाटला.
— बी.कॉम. तृतीय वर्ष, विजयनगर

उत्तर : बेटा, बी.कॉम.ला असून हे विचारतेस? संध्याकाळी कॅश जुळवताना पन्नास रुपये कमी निघाले तर कॅशियर घरी जात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पन्नास जास्त निघाले तरी तो घरी जात नाही, हे फक्त कॅशियरच्या बायकोला माहीत असतं. जास्त निघाले म्हणजे कुणाला तरी कमी गेले. मग व्हाउचरं पुन्हा काढा, स्क्रोल, म्हणजे दिवसभराची नोंद, पुन्हा तपासा, सापडलं नाही तर ती रक्कम 'सस्पेन्स'ला, म्हणजे उलगडा न झालेल्या पैशांच्या खात्याला टाका आणि मॅनेजरचं तोंड बघा. आमच्या लेखी दोन्ही चुका सारख्याच.

पार्कर नावाचा तो दरोडेखोर नेमका या वळणाचा आहे. पंचेचाळीस हजार हे त्याचं व्हाउचर. त्याहून डॉलरभर जास्त घेतला तर हिशोब बिघडला. तो मुळात चोर आहे हे तो विसरलेला नाही, लेखकही विसरू देत नाही. पण चोरी झाल्यानंतरच्या हिशोबात तो माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच सज्जनांपेक्षा काटेकोर आहे. समोरच्यांना त्याची भीती वाटते ती त्यामुळेच. जास्त मागणाऱ्याशी घासाघीस करता येते. नेमकं मागणाऱ्याशी काय करणार?

ही कादंबरी १९६२ ची. लेखकाचं नाव छापलं होतं रिचर्ड स्टार्क, खरं नाव डोनाल्ड वेस्टलेक. त्याने आधी शेवटी पार्करला पोलिसांच्या हवाली केलं होतं. प्रकाशनसंस्थेतल्या संपादकाने सांगितलं, याला निसटू द्या, याच्यावर आणखी लिहा. तेवढ्या सूचनेवर पुढे एकूण चोवीस कादंबऱ्या झाल्या. मधली १९७४ ते १९९७ अशी तेवीस वर्षं मात्र पार्कर कुठे होता कोण जाणे. पुस्तक नाही.

गेल्या वेळी माझं एक म्हणणं अर्धवट राहिलं, ते इथे पुरं करतो. या कादंबऱ्या चोरीच्या म्हणून विकल्या जातात, असतात वाटणीच्या. दरोडा पंधरा-वीस पानांत उरकतो. राहिलेली दीडशे पानं कोण कुणाचं किती देणं लागतो याची. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. त्याचं तेविसावं कलम सांगतं, की ज्या कराराचा उद्देशच बेकायदेशीर तो करार रद्दबातल. तुझ्या वडिलांच्या भागीदाराने पैसे बुडवले तर ते दावा लावतील, पंधरा वर्षं तारखा घेतील, चपला झिजतील. पण जायला एक दार आहे. दरोडेखोराचा हिस्सा बुडाला तर त्याने कुठल्या वकिलाकडे जावं? त्याच्याकडे स्टँपपेपर नाही. साक्षीदार आहेत, पण तेच बुडवणारे. म्हणून ती माणसं एकमेकांचे चेहरे वाचत बसतात, गाडीत मागच्या सीटवर कोण बसलं हे लक्षात ठेवतात, आणि नोटा मोजताना कुणी 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणालं की वाचणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो.

बँकेने यावर फार पूर्वी तोड काढली. तिला जॉइंट कस्टडी म्हणतात. तिजोरीला दोन चाव्या, एक माझ्याकडे, दुसरी अकाउंटंटकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. नवा होतो तेव्हा मला याचा अपमान वाटायचा. माझ्यावर विश्वास नाही का? नंतर कळलं, की त्या दुसऱ्या चावीमुळे मला रात्री झोप लागते.

तरी एकदा फसलोच. १९८६ ची गोष्ट, शाखा राजवाड्याजवळच्या बाजारातली. एका पेढीचे मुनीमजी रोज दुपारी तीनच्या सुमाराला भरणा घेऊन यायचे. येताना कागदात गरम कचोरी, आम्हा दोघा कॅशियरना. मोठं खातं, गोड माणूस. पावसाळ्याचे तीन महिने माझी कॅश आठवड्यातून एकदा-दोनदा शंभर-दोनशेने कमी निघे. पदरचे भरत होतो. त्या काळी शंभर नोटांचं पाकीट डाव्या टोकाला स्टेपल केलेलं असे. आपण ओल्या स्पंजवर बोट लावायचं आणि उजवी टोकं उलटत मोजायचं. एक दिवस पाकीट दमट होतं. बोटाला नोट चिकटली म्हणून ओढली, तर ती अर्धीच! मधोमध घडी घालून, घडीचा भाग स्टेपलच्या बाजूला दडवून लावलेली. मोजणाऱ्याच्या बोटाखालून तिची दोन्ही टोकं दोन नोटा म्हणून जात. शंभर मोजा, असतात नव्व्याण्णव.

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त शेजारच्या काउंटरवरच्या सोबत्याला सांगितलं, ज्याच्याबरोबर सहा वर्षं डबा खात होतो. तो म्हणाला, जाऊ दे, मोठं खातं आहे, उद्या दोघे मिळून पकडू. उद्या मुनीमजी आले. पाकिटं कोरी करकरीत, घडी एकाही नोटेला नाही. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा कचोरी नव्हती.

त्यानंतरही आम्ही दोघे त्याच टेबलावर डबा खात होतो. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्याच्या घरच्या आंब्याच्या लोणच्याची चव मला अजून आठवते. आता सांग, पार्कर मूर्ख कसा?

प्रश्न : कॅशियरसाहेब, मी इंदुरातल्या एका बँक दरोड्यावर मराठी कादंबरी लिहीत आहे. काळ १९८४. चार मित्र सियागंजातल्या बँकेवर दरोडा घालतात, दोन कोटी रुपये खांद्यावरच्या पिशवीत घालून पळतात, पोलिस कमिशनर मागावर, त्यातला एक तडीपार गुंड. शेवटी एक जण तिघांना दगा देतो. सोबत तीन प्रकरणं जोडली आहेत. मार्गदर्शन करावे.
— नवोदित लेखक, सुदामानगर

उत्तर : प्रकरणं वाचली. पाऊस चांगला लिहिता. आता बाकीचं.

पिशवी. १९८४ मध्ये बाजारात चालणारी सगळ्यात मोठी नोट शंभराची. हजाराची १९७८ च्या जानेवारीत बंद झाली होती, पाचशेची आली १९८७ मध्ये. तेव्हा दोन कोटी म्हणजे दोन लाख नोटा. दोन हजार पाकिटं. दहा पाकिटांचं एक बंडल, अशी दोनशे बंडलं. अहो, खांद्यावरची पिशवी कसली, मेटाडोर लागेल, आणि ती भरायला हमाल. शिवाय साध्या शाखेत तेव्हा एवढी रोकड ठेवतच नव्हते, मर्यादा ठरलेली असे, त्यावरची पुढे पाठवून द्यावी लागे. तुमच्या दरोडेखोरांना आठ-दहा लाखांवर आणा. रक्कम लहान झाली की वाटणी जास्त कडू होते, हे वर सांगितलंच.

चार मित्र. चौघांनी घातला तर तो कायद्याने दरोडा होत नाही, जबरी चोरी होते. दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. जुन्या दंड संहितेच्या ३९१ कलमात तसं होतं, आता न्याय संहितेतही तेच आहे. तुम्ही म्हणाल, वाचकाला काय पडलंय. पण लेखकाला पडायला हवं, कारण पाचवा माणूस आला की सगळं बदलतं. दरोड्यात पाचांपैकी एकाने खून केला तर फाशीची टांगती तलवार पाचांच्याही डोक्यावर, बाहेर गाडीत बसून राहिलेल्यावरसुद्धा. आता त्या गाडीत बसलेल्याचा विचार करा. त्याने पिस्तूल पाहिलेलंही नाही. ठाण्यात त्याला कुणीतरी पाण्याचा ग्लास देऊन हळूच सांगतं, की माफीचा साक्षीदार होतोस का? सगळं खरंखरं सांगितलंस तर सुटशील. तुमचा दगाबाज हा आहे! तुम्ही उगाच त्या देखण्या, सिगारेट ओढणाऱ्याला दगाबाज केला आहे. त्याच्यावर पहिल्या पानापासून संशय येतो.

कमिशनर. इंदुरात पोलिस कमिशनर आला डिसेंबर २०२१ मध्ये. १९८४ मध्ये एस.पी. होते. आणि ठाण्याच्या प्रमुखाला इथे सगळे 'टीआय', म्हणजे टाउन इन्स्पेक्टर म्हणतात, सीनियर इन्स्पेक्टर नव्हे; ती मुंबई झाली. तडीपारही तिकडचाच. आपल्याकडे माणूस जिलाबदर होतो.

भाषा. तुमचे चौघे मालवा मिलच्या चाळीत वाढले आणि बोलतात सदाशिव पेठेतलं. 'अरे, तू माझा विश्वासघात केलास!' असं इंदूरचा गुंड म्हणेल? तो म्हणेल, 'भिया, गलत कर दिया तुमने.' बास. तेवढ्याने अंगावर काटा येतो, कारण 'भिया' म्हणतोय आणि 'तुमने' म्हणतोय. माझं मत, निवेदन मराठीत ठेवा, त्यांना हिंदीत बोलू द्या. घरी आईशी ते मराठीत बोलतील, तीही आपली इंदुरी मराठी, जिला पुण्याचे पाहुणे हसतात. एकच माणूस दोन भाषांत दोन प्रकारे खोटं बोलतो हे दाखवायची संधी इंदूरच्या लेखकाला आहे, ती पुण्याच्या लेखकाला नाही. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी ही मुंबईची बोली. सिनेमातून आली असली तरी १९८४ च्या सियागंजात नको.

पाऊस मात्र तसाच ठेवा.

प्रश्न : या सगळ्या पुस्तकांत दगा देणारी नेहमी बाईच का असते हो? सुंदर, लाल ओठांची, आणि शेवटी मरणारी. माझ्या सुनेने मला दोन वाचायला दिली, दोन्हीत तेच.
— एक आजी, रामचंद्रनगर

उत्तर : आजी, तक्रार रास्त आहे. लिहिणारे बहुतेक पुरुष. नायक सगळ्यांकडून फसतो, साथीदार, पोलिस, वकील. पण बाईकडून फसला की त्याला ते भलतंच लागतं आणि तो त्यावर पानं लिहितो. साथीदाराच्या दग्याला एक परिच्छेद, बाईच्या दग्याला प्रकरण.

एक गोष्ट मात्र सांगतो. 'द हंटर'मधली बायको, जिच्याबद्दल वर त्या मुलीने लिहिलं आहे, ती स्वतःहून गोळी झाडत नाही. तो साथीदार तिला सांगतो, की त्याला मार नाहीतर तू मरशील. आणि पुढे ती ते ओझं घेऊन जगू शकत नाही. पहिल्यांदा वाचताना मी तरुण होतो, मला ती फक्त दगाबाज दिसली होती. साठीनंतर वाचलं तेव्हा तिची दोन-चार वाक्यंच आठवत राहिली.

सुनेला सांगा, डोरोथी ह्यूजची १९४७ ची 'इन अ लोनली प्लेस' मिळाली तर आणा. त्यात आपण खुनी पुरुषाच्या डोक्यात बसून सगळं पाहतो, आणि त्याला ओळखतात त्या बायका. लिहिणारी बाई असली की लाल ओठांकडे बघणारे डोळे कुणाचे आहेत, इकडे आधी लक्ष जातं.

प्रश्न : आपल्या वेळी बाबूराव अर्नाळकर होते. झुंजार होता, काळापहाड होता. त्यांच्या रहस्यकथा काय कमी होत्या? उगाच अमेरिकेच्या आरत्या कशाला?
— जुना वाचक, जेलरोड

उत्तर : नमस्कार करूनच उत्तर देतो. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली आणि माझ्या पिढीला वाचायची चटक लावली ती त्यांनी. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात झुंजार ठेवून वाचला नाही असा मराठी मुलगा आमच्या वर्गात नव्हता. पण झुंजारच्या माणसाने झुंजारला विकलं, अशी कल्पना तरी करता येते का? त्याची माणसं त्याच्यासाठी जीव देतील. दुर्जनांना लुटायचं म्हटल्यावर लुटीवरून आपसात भांडायचं कारणच उरत नाही. ते वेगळं घराणं. मी त्याला कमी म्हणत नाही, पण माझा बाजार वाटणीचा.

सुहास शिरवळकर त्या बाजूला बरेच सरकले. दारा बुलंदची, फिरोज इराणीची पुस्तकं आमच्या शाखेत हातोहात फिरत. टपाल घेऊन येणारा शिपाई आधी पुस्तक मागे, मग सही.

पण खरं बोलायचं तर इंदूरच्या मराठी वाचकाला हा माल हिंदीतून मिळाला. स्टेशनवरच्या स्टॉलवर, खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या थप्पीत. सुरेंद्र मोहन पाठकांचा विमल १९७१ पासून येतोय. आणि विमल कोण? अकाउंटंट! कंपनीतली अफरातफर बायको आणि तिचा यार मिळून त्याच्या गळ्यात घालतात, तो तुरुंगात जातो, पळतो, आणि मग जी टोळी भेटेल ती त्याला वापरते आणि विकते. लेखक स्वतः टेलिफोन बनवणाऱ्या सरकारी कंपनीत नोकरी करत करत लिहीत होता. १९७७ मध्ये 'पैंसठ लाख की डकैती' आली तेव्हा मी तिचं पहिलं काम काय केलं असेल? पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. पासष्ट लाख म्हणजे शंभराची साडेसहाशे पाकिटं. पासष्ट बंडलं. जमतं, म्हटलं, गाडी असेल तर जमतं. मग वाचायला घेतली.

मराठीत पांढरपेशा कारकुनाच्या हातून असा गुन्हेगार का झाला नाही, याचं मला कोडं आहे. कारकून तर आपल्याकडे इतके होते.

प्रश्न : माझे मिस्टर निवृत्तीनंतर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हीच पुस्तकं वाचतात. मनावर काही परिणाम होईल का?
— सौ., लोकमान्यनगर

उत्तर : डोळ्यांवर होईल. दिवा बदला. ते झोपल्यावर पुस्तक उघडून शेवटचं प्रकरण वाचून ठेवा आणि सकाळी पोह्यांवर सेव घालता घालता सहज सांगून टाका. तीन दिवसांत रात्रीचं वाचन बंद. चौथ्या दिवशी कदाचित बोलणंही.

प्रश्न : इंदुरात असं खरं कधी घडलं आहे का? म्हणजे सूत्रधार वर, गोळी चालवणारे खाली, आणि सापडतात ते खालचेच?
— इतिहासप्रेमी, राजेंद्रनगर

उत्तर : घडलं मुंबईत, पण माणसं इथली होती. शंभर वर्षं होऊन गेली. आमच्या आजीच्या तोंडून मी ते 'मलबार हिलचं' एवढंच ऐकलं. आवाज खाली, आणि आम्ही मुलं खोलीत आलो की विषय बदलला. होळकर सरकारांबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही, हा घराचा नियम.

१२ जानेवारी १९२५. अब्दुल कादर बावला हे मुंबईतले तरुण धनिक व्यापारी मलबार हिलवर मोटारीतून चालले होते, सोबत मुमताज बेगम. ती आधी इंदूर दरबारात, महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्याकडे होती आणि तिथून निघून गेलेली. दुसऱ्या मोटारीने वाट अडवली. बावलांवर गोळ्या झाडल्या, तिला खेचायचा प्रयत्न झाला, तिच्या चेहऱ्यावर वार झाले. बेत तडीस गेलाच असता, पण गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी नेमके त्याच वेळी तिथून चालले होते. त्यांच्यातल्या एकाच्या हातात गोल्फची काठी होती, तीच त्याने चालवली. हल्लेखोर पकडले गेले, मुमताज वाचली, बावला वाचले नाहीत.

खटला मुंबई हायकोर्टात चालला. नऊ आरोपी, धागा प्रत्येकाचा इंदूरला पोचणारा. तिघांना फाशीची शिक्षा, आणखी काहींना काळ्या पाण्याची. बचावाच्या वकिलांत बॅरिस्टर जिना होते. महाराज आरोपींत नव्हते, त्यांच्यावर कुठल्याही कोर्टात काही सिद्ध झालं नाही. ब्रिटिश सरकारने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले, चौकशी समिती किंवा गादी सोडणं. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलगा यशवंतराव याच्यासाठी गादी सोडली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. मी त्यात जे शोधतो ते मात्र कुठे सापडत नाही. त्या नऊ जणांनी मुंबईची गाडी धरण्यापूर्वी आपसात काय ठरवलं असेल? पकडले गेलो तर घरच्यांना कोण बघणार, हे कुणी कुणाला विचारलं का? शब्द दिला गेला असेल तर तो तोंडी. कोठडीत बसून त्यांतल्या कुणाला वाटलं असेल, की बोलावं? कादंबरीकाराला हवी ती रात्र ही. गोल्फची काठी वर्तमानपत्रवाल्यांना द्या. (वर सुदामानगरच्या लेखकमहाशयांनी हे वाचलं असेल तर १९८४ सोडा, १९२५ घ्या. तेव्हा शंभराच्या नोटेला पिशवीही लागत नव्हती.)

ता.क. म्हणून एक पत्र. खरं तर हा प्रश्न नाही, कबुली आहे.

'काका, १९९४ साली तुमच्याकडून एक जुनी हिंदी कादंबरी वाचायला नेली होती. परत करायची राहिली. आता तुमचा लेख वाचून लाज वाटली. पण तेव्हा वाचून पुरी झाली नाही, शेवटी खुनी कोण ते कळलंच नाही, कारण शेवटचं पान नव्हतं. परत पाठवू का?'
— तुमचा जुना शेजारी

उत्तर : पाठवा. वाटल्यास स्वतः या, चहा होईल. शेवटचं पान माझ्याकडे आहे. तुम्ही त्याआधी नेलेली दोन पुस्तकं परत आली नव्हती, म्हणून तिसरं देताना काढून ठेवलं होतं. तुमची चावी घेऊन या, माझी तयार आहे.